भाड्याच्या आणि व्यापारी जागांचं फायर ऑडिट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातल्या नगरपालिका-महापालिका हद्दीतले घरमालक, भाडेकरू, दुकानदार, क्लासवाले आणि सोसायट्यांचे सेक्रेटरी पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. निम्म्याहून अधिक प्रश्न 'आग विझवायचे सिलिंडर किती लावू' असे येतात. उत्तरांत मात्र जिना आणि दार जास्त भेटतील, कारण आगीत माणूस अडकतो तो बहुतेक वेळा तिथेच.

१. फायर एनओसी, फॉर्म ए, फॉर्म बी आणि फायर ऑडिट हे सगळं एकच का?

नाही. एनओसी इमारतीला मिळते. बांधकामाआधी तात्पुरती आणि काम पूर्ण झाल्यावर अंतिम. आग विझवण्याची यंत्रणा नियमाप्रमाणे बसवल्याचा दाखला म्हणजे फॉर्म ए. ती यंत्रणा आजही चालू स्थितीत आहे हे सांगणारा दाखला म्हणजे फॉर्म बी. तो दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन विभागाकडे द्यायचा असतो.

फायर ऑडिट, म्हणजे आगीच्या जोखमीची तपासणी, यांहून मोठी असते. इथे पेट कशाने घेईल, काय काय जळेल, आत कोण कोण असतं आणि ते बाहेर कसे पडतील, हे चार प्रश्न ती जागेवर उभं राहून विचारते. पंप चालतो म्हणून फॉर्म बी मिळेल, पण जिन्यात रचलेले खोके त्यामुळे हलत नाहीत.

२. कायद्यात जबाबदार कोण, मालक की भाडेकरू?

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा मूळ कायदा. त्यात मालक आणि भोगवटादार, म्हणजे प्रत्यक्ष जागा वापरणारा, दोघेही येतात. त्यामुळे 'आम्ही फक्त भाड्याने आहोत' हे उत्तर चालत नाही आणि 'जागा दिली, आता त्यांचं ते बघतील' हेही नाही.

भांडण टाळायचं तर लिव्ह अँड लायसन्सच्या करारातच चार ओळी घाला: पंप, पाइपलाइन आणि सामायिक जिना कोण सांभाळणार, आतले सिलिंडर कोण भरून घेणार, वायरिंगमध्ये बदल करण्याआधी कुणाची लेखी परवानगी लागणार, पार्टिशन किंवा पोटमाळा घालता येईल का. ताबा देताना मीटर रीडिंगचा फोटो काढता तसाच प्रत्येक सिलिंडरच्या काट्याचा आणि लेबलाचाही काढून ठेवा.

३. आमची इमारत तळमजला अधिक तीन. आम्हाला हे लागतं का?

इमारतीची उंची, वापर आणि क्षेत्रफळ या तिन्हींवर ते ठरतं. राष्ट्रीय इमारत संहितेत १५ मीटर आणि त्याहून उंच इमारत 'उंच इमारत' धरली जाते आणि तिच्यासाठीची यादी एकदम लांबते. मजले मोजून अंदाज बांधू नका, मंजूर नकाशावर लिहिलेली उंची बघा.

गफलत वापरात होते. राहण्यासाठी मंजूर झालेल्या तीन मजली इमारतीत खाली हॉटेल, पहिल्या मजल्यावर क्लास आणि वर हॉस्टेल आलं, की ती राहती इमारत उरत नाही. उंची तीच राहिली तरी लागणाऱ्या गोष्टी बदलतात. नकाशावरचा वापर आणि प्रत्यक्षातला वापर वेगळा असेल तर आधी तो प्रश्न सोडवा. सिलिंडर लावून तो झाकला जात नाही.

४. फॉर्म बी कुणाकडून घ्यायचा? ओळखीचा सिलिंडरवाला देतो म्हणतो.

महाराष्ट्र अग्निशमन सेवेच्या संचालकांनी परवाना दिलेल्या संस्थेकडूनच घ्यायचा. परवान्याची प्रत मागा, मुदत बघा, आणि संचालनालयाच्या संकेतस्थळावरच्या यादीत नाव आहे का तेही बघा. एमआयडीसीच्या हद्दीत असाल तर तिथे एमआयडीसीचं स्वतःचं अग्निशमन खातं आहे, कागद तिकडे जातात.

जागेवर न येता व्हॉट्सॲपवर दाखला पाठवणारे भेटतात. खरी तपासणी ओळखायची खूण सोपी आहे: माणूस गच्चीवर जातो का? हायड्रंट (आग विझवायची होज जोडायची पाण्याची लाइन) असलेल्या इमारतीत सगळ्यात वरचा व्हॉल्व्ह उघडून, पंप चालू करून दाब मोजायचा असतो आणि तो चौरस सेंटिमीटरला ३.५ किलोच्या खाली नसावा. खाली पंपाजवळचा काटा बघून भागत नाही, कारण पाणी वर चढेपर्यंत दाब कमी होतो.

५. ऑडिटवाल्याला बोलावण्याआधी आम्ही स्वतः काय बघावं?

रात्री, मेन स्विच बंद करून, जागेच्या सगळ्यात लांबच्या कोपऱ्यातून रस्त्यापर्यंत चालत या. मोबाइलची बॅटरी लावू नका. जिथे हात भिंत शोधतो, पाय अडखळतो किंवा कुलूप लागतं, ती तुमची यादी.

मग दिवसा टेप घेऊन मोजा. राहत्या आणि दुकान-ऑफिसच्या जागेत कुठल्याही बिंदूपासून बाहेर पडायच्या सुरक्षित दारापर्यंत चालत साधारण ३० मीटरहून जास्त अंतर नको, आणि ते फर्निचरला वळसे घालून मोजायचं. बाहेर पडायचं दार किमान १ मीटर रुंद, बाहेरच्या बाजूला उघडणारं आणि आतून किल्लीशिवाय उघडणारं हवं. गच्चीच्या दारालाही हेच लागू. चोरीच्या भीतीने त्याला कुलूप घालतात, किल्ली चेअरमनकडे असते आणि चेअरमन गावाला गेलेले असतात. आतून कडी आणि उघडल्यावर वाजणारा साधा अलार्म, एवढ्यावर तो प्रश्न सुटतो.

जिन्याखाली बघा. वीज मीटर, त्याला टेकून स्कूटर, मागे रंगाचे डबे आणि रद्दी हे दृश्य निम्म्या इमारतींत दिसतं. जिना हा इमारतीचं धुराडंच असतो. खाली पेटलं की धूर वर चढतो आणि एकुलती एक वाट त्यानेच बंद होते. मीटरसमोर १ मीटर जागा पूर्ण मोकळी ठेवा. ई-स्कूटर जिन्याखाली चार्जिंगला लावू देऊ नका.

६. सिलिंडर किती आणि कुठले लावायचे?

कुठूनही १५ मीटरच्या आत एक तरी हाताशी यावा, हे पहिलं माप. दुकान, ऑफिस, पॅसेजसाठी ४ किंवा ६ किलोचा एबीसी पावडरचा. कागद, कापड, लाकूड, पेट्रोल, वीज या सगळ्यांवर तो चालतो. इलेक्ट्रिक पॅनेलजवळ ४.५ किलोचा सीओटू. कापड आणि कागदाच्या गोदामात ९ लिटरचा पाण्याचाही लागतो (कारण प्रश्न १२ मध्ये). तळणीच्या कढईसाठी वेगळा प्रकार आहे, तो प्रश्न १० मध्ये.

सिलिंडर आगीच्या जागेजवळ नको, बाहेर पडायच्या वाटेवर हवा. स्वयंपाकघराच्या आत गॅसशेजारी टांगला तर तो घ्यायला आगीतच शिरावं लागेल. दाराबाहेर लावा. आणि लक्षात असू द्या, ६ किलोचा सिलिंडर पंधरा-वीस सेकंदांत रिकामा होतो. कचरापेटी, पडदा, एखादं पॅनेल एवढंच त्याचं काम. खोली पेटली असेल तर दार ओढून घ्या, बाहेर पडा आणि १०१ किंवा ११२ लावा.

७. काटा हिरव्यात आहे, म्हणजे सिलिंडर ठीक ना? दरवर्षी भरायला लागतो म्हणतात ते खरं का?

हिरवा काटा फक्त आतला दाब सांगतो. आतली पावडर दमट हवेत गोळा होऊन बसते. कोकणात आणि पावसाळ्यात तर हमखास. महिन्यातून एकदा सिलिंडर काढून उलटा करा, तळावर हाताने चार थापा मारा. आत पावडर सरकल्याचं जाणवलं पाहिजे.

तपासणी वर्षातून किमान एकदा हवीच, पण तपासणी म्हणजे भरणं नव्हे. साठवलेल्या दाबाचा (काटा असलेला) पावडरचा सिलिंडर साधारण तीन वर्षांनी भरायचा आणि तेव्हाच त्याची पाण्याच्या दाबाची चाचणी करायची. सीओटूची चाचणी पाच वर्षांनी. पावडर, फोम आणि पाण्याच्या सिलिंडरचं आयुष्य दहा वर्षं, सीओटूचं पंधरा. उत्पादनाचं वर्ष अंगावर ठोकलेलं असतं. नुसतं नवं स्टिकर लावून गेलेल्या माणसाची चलाखी तिथे उघडी पडते.

सीओटूला काटाच नसतो. त्याचं वजन करायचं. वायूचं वजन दहा टक्क्यांहून जास्त घटलं असेल तर भरून घ्या. वापरताना त्याच्या काळ्या भोंग्याला हात लावू नका, थंडीने कातडी चिकटते. आणि छोट्या बंद खोलीत तो मारून तिथे थांबूही नका.

८. फायर पंप 'ऑटो'वर ठेवला की रात्री-अपरात्री चालू होतो. बंद ठेवला तर?

बंद पंप म्हणजे नसलेला पंप. तो चालू होतो कारण लाइन कुठेतरी गळते, दाब उतरतो आणि छोटा जॉकी पंप तो भरून काढायला धावतो. एखाद-दुसऱ्या वेळी चालला तर हरकत नाही. दर दहा मिनिटांनी चालत असेल तर गळती शोधा: आधी होज रीलचे कॉक, मग हायड्रंट व्हॉल्व्हचे वायसर, मग जमिनीखालची लाइन. एकेका मजल्याचा व्हॉल्व्ह कोरड्या फडक्याने पुसा आणि तासाभराने हात लावून बघा. जॉकी थांबत-सुरू होत असेल तर प्रेशर स्विचची चालू आणि बंद होण्याची मापं फार जवळ लावलेली असू शकतात. ते मेकॅनिकचं काम.

यासोबत टाकीही बघा. आगीसाठी राखीव पाणी आधी भरून, ओसंडलेलं पाणी घरगुती टाकीत जावं अशी रचना असायला हवी. उन्हाळ्यात टँकरचं पाणी पुरेना झालं की कुणीतरी राखीव टाकीत मोटर सोडतो आणि पावसाळा आला तरी ती काढत नाही.

गेटजवळ बंबासाठी पाइपाची तोंडं असतात, लाल खोक्यात किंवा भिंतीतून बाहेर आलेली. तिथून बंबाचं पाणी तुमच्या लाइनमध्ये सोडता येतं. त्यांच्यासमोर दुचाक्या लावू देऊ नका.

चोरीचाही प्रश्न सारखा येतो. होजबॉक्समधली नोझल आणि कपलिंग पितळी म्हणून भंगारात जातात. बॉक्सला कुलूप घालू नका. काचेचं दार आणि स्टेनलेस स्टीलचं आयएसआय शिक्क्याचं सामान घ्या, आणि महिन्यातून एकदा बॉक्स उघडून मोजदाद करा. १५ मीटरची होज गुंडाळून वर्षानुवर्षं ठेवली तर घडीवर चिरते. वर्षातून दोनदा उलगडून, वाळवून, घडी बदलून ठेवा.

९. फ्लॅट कॉट बेसिसवर दिला आहे, दहा मुलं राहतात. वेगळं काही करावं लागेल?

हो. एक कुटुंब आणि दहा अनोळखी मुलं यांत आगीच्या दृष्टीने मोठा फरक पडतो. कोण आत आहे हे कुणालाच माहीत नसतं, प्रत्येक पलंगाजवळ एक्स्टेंशनवर इस्त्री, चार्जर आणि इंडक्शन असतं, आणि शेवटी येणारा दाराला आतून कुलूप लावून किल्ली उशाखाली घेऊन झोपतो.

किमान एवढं करा: मुख्य दाराला आतून किल्ली न लागणारं लॅच, पॅसेजमध्ये बॅटरीवर चालणारा धुराचा अलार्म, प्रत्येक खोलीला स्वतंत्र एमसीबी आणि सगळ्यांवर ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी (वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच), प्लायवूडची पार्टिशनं काढून टाकणं. खोलीत इंडक्शन आणि कॉइलची शेगडी बंद.

खिडकीची बॉक्स ग्रिल हा सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा. चोर आत येऊ नये म्हणून लावलेली ग्रिल अग्निशमन दलालाही कापावी लागते. दर मजल्यावर रस्त्याच्या बाजूच्या एका तरी ग्रिलला साधारण दोन बाय दोन फुटांचं उघडणारं दार करून घ्या, आतून कडी लावलेलं. फॅब्रिकेटर ते एका दिवसात करतो. कडीला कुलूप लावायचंच असेल तर किल्ली तिथेच खिळ्याला, बाहेरून हात पोचणार नाही अशी टांगा. आणि मग त्या दारासमोर कुंड्या ठेवू नका.

वापर बदलल्याचा मुद्दा प्रश्न ३ मध्ये आहेच.

१०. खानावळ किंवा छोटं हॉटेल. गॅसचं काय?

परवान्याशिवाय एका ठिकाणी १०० किलोपर्यंतच एलपीजी ठेवता येतो, म्हणजे १९ किलोच्या पाच टाक्या. भरलेल्या आणि वापरातल्या दोन्ही धरून. घरगुती १४.२ किलोची टाकी धंद्यात वापरणं मुळातच बेकायदा. विम्याच्या दाव्यात हाच मुद्दा आधी निघतो.

एलपीजी हवेहून जड. तो खाली साचतो, गटारात उतरतो. म्हणून तळघरात टाकी नको आणि टाकीजवळ उघडं चेंबर नको. टाकी नेहमी उभी. रबरी नळी केशरी, आयएसआय शिक्क्याची, आणि पाच वर्षांनी बदललेली. तारीख नळीवरच छापलेली असते. रात्री बर्नरचा कॉक बंद करून भागत नाही, रेग्युलेटर बंद करा.

कढईतलं तेल पेटलं तर पाणी कधीच नाही. पाण्याची वाफ होऊन पेटतं तेल छतापर्यंत उडतं. एबीसी पावडरचा जोराचा फवाराही तेल उडवतो. गॅस बंद, वर धातूचं झाकण सरकवायचं, आणि मोठ्या तळणीसाठी के प्रकारचा ओला रसायनी सिलिंडर. एक्झॉस्टच्या डक्टमध्ये तेलकट थर साचतो आणि तंदूरची एक ठिणगी तो पेटवते. फिल्टरजाळी दर आठवड्याला गरम पाण्याने धुवा, डक्ट उघडून साफ करा. महिन्यातून किती वेळा ते तळण किती यावर ठरवा. डक्टच्या आतून बोट फिरवून बघा, चिकट लागलं तर उशीर झालाय.

११. क्लास किंवा अभ्यासिका पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर आहे, जिना एकच. चालेल?

याचं उत्तर मोजून द्यावं लागतं. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे शिक्षणाच्या जागेत माणशी ४ चौरस मीटर धरतात. ६० चौरस मीटरच्या खोलीत पंधरा जण. तुमच्याकडे साठ बसत असतील तर साठच धरायचे. बाहेर पडायला जिन्याची रुंदी माणशी १० मिलिमीटर आणि दाराची ६.५ मिलिमीटर. म्हणजे १ मीटरचा जिना शंभर जणांना पुरतो, पण अर्धा बूट-चपलांच्या रॅकने खाल्ला तर पन्नास. तीन बॅचेस एकदम सुटतात तेव्हाचा आकडा घ्या, सरासरी घेऊ नका.

२४ मे २०१९ ला सुरतच्या तक्षशिला आर्केडमध्ये लागलेल्या आगीत २२ जीव गेले, बहुतेक क्लासची मुलं. वरच्या मजल्यावरून खाली यायची वाट आगीने अडवली आणि मुलांनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. जिना एकच असेल आणि तो खालच्या दुकानांसमोरून जात असेल, तर दुसरी वाट काढल्याशिवाय वर वर्ग भरवू नका. बाहेरून लोखंडी जिना लावता येतो, पण त्याला परवानगी लागते आणि त्याचं तोंड बंद गल्लीत निघता कामा नये. तात्पुरता उपाय म्हणून बॅचची संख्या कमी करा. थर्माकोल आणि पीव्हीसीचं फॉल्स सीलिंग मात्र लगेच उतरवा. ते जळताना काळा धूर देतं आणि थेंब थेंब गळतं.

१२. कारखान्यात किंवा दुकानात कामगार रात्री झोपतात. बाहेरून शटर लावलेलं असतं. राखण होते म्हणून.

हे आजच्या आज थांबवा. या पानावरच्या बाकी कुठल्याही गोष्टीला इतकी घाई नाही. शटर गरम झालं की वाकतं आणि आतून उचलत नाही, आणि वीज गेल्यावर मोटरचं शटर जागेवरच राहतं. झोपण्याची जागा वेगळी हवी. कुणाला राखणीला ठेवायचंच असेल तर शटरशिवाय दुसरं, आतून उघडणारं दार हवं. पोटमाळ्यावर झोपायला कधीच नाही. धूर आधी तिथेच भरतो.

इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव, सोलापूरकडच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये आणखी एक गोष्ट असते. कापसाचं तूस. ते तुळयांवर, ट्यूबलाइटच्या पट्टीवर, मोटरवर बसतं आणि ठिणगी पडली की आग शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वरच्या वर धावते. आठवड्यातून एकदा तुळया झाडायच्या, फुंकायच्या नाहीत. फुंकलं तर तूस स्विचबोर्डात शिरतं. पेटलेल्या तुसावर आणि गाठींवर पाणीच लागतं. पावडरने वरची ज्वाळा विझते आणि आत धुमसत राहतं, तासाभराने पुन्हा पेटतं.

१३. वायरिंग जुनं आहे. नवा एसी लावला की एमसीबी पडतो, इलेक्ट्रिशियन मोठा बसवून देतो म्हणतो.

त्याला नाही म्हणा. एमसीबी वायरला वाचवतो. १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरवर ३२ ॲम्पिअरचा एमसीबी बसवला तर तो पडणार नाही, वायर भिंतीत तापेल. एसीसाठी बोर्डापासून स्वतंत्र वायर, निदान २.५ आणि मोठ्या एसीला ४ चौरस मिलिमीटर तांब्याची, आणि १६ ॲम्पिअरचा सॉकेट. सॉकेट तपकिरी पडला असेल किंवा पिन काढताना गरम लागत असेल तर आतला स्क्रू ढिला आहे. बऱ्याच 'शॉर्ट सर्किट'ची मुळं अशा ढिल्या स्क्रूत असतात.

१४. गच्चीवर शेड घालून रेस्टॉरंट चालवायचंय. पत्रे लोखंडी आहेत, मग काय पेटणार?

पत्र्याखालचं सगळं: बांबू, ताडपत्री, कृत्रिम गवत, कापडी छत, सजावटीच्या वायरी. मुंबईत कमला मिल्सच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर गच्चीवरच्या पबला लागलेल्या आगीत १४ माणसं गेली. गच्ची ही इमारतीतल्या लोकांची आगीतली शेवटची मोकळी जागा धरलेली असते. तिथे शेड टाकलं की ती जागाही जाते. मंजुरीशिवाय करू नका, आणि मंजुरी मिळालीच तर दोन जिने आणि न पेटणारं छत असल्याशिवाय सुरू करू नका.

१५. जुना वाडा, लाकडी जिना, पागडीचे भाडेकरू. मालक काहीच करत नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे जागा राहण्यायोग्य दुरुस्तीत ठेवणं मालकाचं काम आहे. किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊनही त्याने ते केलं नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून तो खर्च भाड्यातून वळता करू शकतात, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. भाडं जुन्या दराचं असल्याने ही रक्कम फुटकळ असते हे खरं, पण नोटीस नोंदीवर राहते.

दरम्यान भाडेकरूंनी मिळून करण्यासारखं: लाकडी पट्टीतल्या जुन्या वायरी काढून पाइपातून नव्या ओढणं, माळ्यावरचं सरपण आणि रद्दी उतरवणं, प्रत्येक मजल्यावर एक एबीसी आणि एक पाण्याचा सिलिंडर, आणि देव्हाऱ्यातला दिवा रात्री शांत करणं. लाकडी जिन्याला रंग देताना तेलकट फडकी तिथेच गोळा करून ठेवू नका. जवसाच्या तेलाची फडकी आपोआप तापून पेटतात.

१६. भाडेकरू तपासणीला आत येऊ देत नाही.

मालक म्हणून आधी लेखी कळवा, तपासणीला येण्याच्या दोन वेगवेगळ्या वेळा सुचवा, पोच घ्या. करारात तपासणीचं कलम असेल तर ते उद्धृत करा. तरीही नकार असेल तर अग्निशमन विभागाला कळवा. नेमलेल्या अधिकाऱ्याला कायद्याने आत येऊन पाहण्याचा अधिकार आहे. तुमच्या पत्रांच्या प्रती जपून ठेवा, जबाबदारीचा प्रश्न (प्रश्न २) आला की त्याच कामी येतात.

१७. अग्निशमन विभागाची नोटीस आली आहे. आता काय?

नोटिशीत त्रुटी क्रमाने लिहिलेल्या असतात आणि मुदत दिलेली असते. मुदत संपायची वाट न बघता पहिल्या आठवड्यात उत्तर द्या: कुठलं काम झालं (फोटोसह), कुठलं परवानाधारक संस्थेला दिलं (वर्क ऑर्डरसह), कशाला किती दिवस लागतील. फुकटात होणाऱ्या गोष्टी आधी करा. जिना मोकळा, कुलपं काढलेली, पंप ऑटोवर, मीटरसमोरची जागा रिकामी. अधिकारी फेरतपासणीला येतात तेव्हा पहिली नजर तिथेच जाते. दुर्लक्ष केलं तर इमारत रिकामी करायला लावणं, सील करणं, वीज-पाणी तोडणं इथपर्यंत अधिकार पोचतात, आणि कायद्यात कैद आणि दंड दोन्ही आहेत.

उत्तराच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्यायला विसरू नका. ईमेल केलं असलं तरी.